शिकारी प्राण्यांचे दात व शेतकऱ्यांची मुले

बैलबाजारात बैल विकत घेताना आपल्यापैकी कोणीही शेतकरी त्याचे तोंड उघडून पाहिल्यावाचून पैसे मोजीत नाही. बैल आदत आहे की दुसा, चौसा आहे की पुरता जुळलेला, हे दात पाहून क्षणात कळते. विकणाऱ्याने वय कितीही चोरले तरी खालच्या जबड्यातील पुढचे आठ दात खोटे बोलत नाहीत. ही विद्या आपणांस कोणत्या शाळेत मिळालेली नाही. बापाने मुलास बाजारात शेजारी उभे करून ती दिली आणि त्या मुलाने ती पुढे आपल्या मुलास दिली. परंतु त्याच मुलास कुत्र्याच्या, कोल्ह्याच्या किंवा बिबट्याच्या तोंडात काय असते असे विचारावे, तर "मोठमोठे दात" यापलीकडे उत्तर मिळत नाही. आणि खरे सांगावयाचे तर बापासही त्याहून अधिक सांगता येत नाही. ही उणीव लहान दिसते, पण तिची किंमत कधी कधी फार मोठी द्यावी लागते, म्हणून आज हा विषय वाचकांपुढे मांडीत आहोत.

गेल्या थंडीत आम्ही ठाण्यालगत बाळकुम येथे एका आप्तांकडे गेलो होतो. घरातील मुलांनी शाळेसाठी चित्रे काढली होती. एका चित्रात बिबट्या होता आणि त्याचे सगळे दात करवतीसारखे टोकदार होते. दुसऱ्या चित्रातील गाईस वरखाली दोन्हीकडे पुढचे दात काढले होते. मोठ्या माणसांनी वाहवा केली, आम्हीही केली. जन्मभर गोठ्यात वावरलेल्या मंडळींपैकी एकाच्याही लक्षात आले नाही की गाईच्या वरच्या जबड्यात पुढे दात नसतातच. तेवढ्यात चित्र काढणाऱ्या मुलीने आम्हांस विचारले, "काका, बिबट्याला एवढी भूक लागते, तर तो पाला का नाही खात? झाडावर तर चढतो!" प्रश्न साधा होता, पण त्याचे नीट उत्तर द्यावयाचे तर सर्व दंतशास्त्र सांगावे लागते. ते त्या दिवशी ओसरीवर बसून जसे सांगितले, तसेच येथे देत आहोत.

बाळकुमच्या मुलांस हा प्रश्न पडावा हे स्वाभाविक आहे. आगरी व कोळी वस्तीच्या या जुन्या गावाच्या एका अंगास खाडी व दुसऱ्या अंगास येऊरचे डोंगर आहेत. भोवती आता उंच इमारती झाल्या असल्या तरी डोंगर व खाडी जागच्या जागीच आहेत. खाडीकाठच्या खारफुटीत कोल्हे आहेत. डोंगरावरचे जंगल हा सुमारे १०४ चौरस किलोमीटरांच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग असून, २०१५ साली आपोआप छायाचित्रे घेणारी यंत्रे लावून केलेल्या गणनेत उद्यानात व त्याच्या आसपास ३५ निरनिराळे बिबटे आढळले होते. घोडबंदर रस्त्यावरच्या शेजारच्या एका गावाचे नावच वाघबीळ आहे. ता. २० फेब्रुवारी २०१९ रोजी पहाटे एक बिबट्या थेट ठाणे शहरातील कोरम मॉलमध्ये शिरला व पुढे जवळच्या एका हॉटेलच्या तळघरात वनखात्याने त्यास बेशुद्ध करून पकडले. शहापूर, मुरबाड, जुन्नर, अकोले या भागांतील आमच्या वाचकांस तर बिबट्याची ओळख करून देण्याची गरजच नाही. सारांश, शिकारी प्राणी हा आपल्या मुलांच्या केवळ गोष्टींतला नसून त्यांच्या वाटेवरचा शेजारी आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. शिकविण्यास आरंभ मुलाच्या स्वतःच्या तोंडापासून करावा. त्यास आरसा द्यावा आणि दात तीन प्रकारचे आहेत हे जिभेने चाचपून पाहण्यास सांगावे. पुढचे चपटे पटाशीचे दात तोडण्यासाठी, त्यांच्या बाजूचे टोकदार सुळे धरण्यासाठी व मागच्या दाढा दळण्यासाठी असतात. लहान मुलाचे दुधाचे दात २० व मोठ्या माणसाचे ३२ असतात. कुत्र्याच्या पिलासही दुधाचे दात असतात, ते २८. आणि मुलाप्रमाणेच त्याचेही पडून नवे येतात. दात पडलेल्या मुलास हे ऐकून फार आनंद होतो, व आनंद झालेले मूल पुढचे लक्षपूर्वक ऐकते.

दुसरा धडा शेळीचा. खाटकाकडून शेळीचा जबडा आणून उकळून स्वच्छ करावा व मुलांच्या हाती द्यावा. गाय, म्हैस व शेळी यांचे दात आपल्याइतकेच, म्हणजे ३२ असतात. परंतु त्यांची मांडणी अगदी निराळी असते. खाली पुढे आठ दात असतात, वर त्यांच्यासमोर एकही नाही, केवळ कठीण हिरडी असते. गवताची पेंडी या हिरडीवर दाबून, मान झटकून गाय ती तोडते. बाकीचे २४ दात म्हणजे दाढा. त्यांच्या माथ्यावर जात्याला टाकी लावावी तशा खरबरीत रेघा असतात. गाय रवंथ करीत असता मुलास समोर बसवून तिचा खालचा जबडा कसा हालतो ते पाहण्यास सांगावे. तो जात्यासारखा आडवा फिरतो. हे एकदा मुलाने डोळ्यांनी पाहिले म्हणजे अर्धे काम झाले.

आता बिबट्या. त्याचे दात ३०, म्हणजे गाईपेक्षाही कमी असतात. घरच्या मांजराचेही तितकेच, आणि रचनाही तीच. म्हणून मांजर जांभई देत असता दुरून पाहिले तरी बिबट्याचा जबडा पाहिल्यासारखे होते. पुढे वर सहा व खाली सहा बारीक दात असतात. ते हाडावरचे मांस खरवडण्यास उपयोगी पडतात. त्यांच्या दोहो बाजूंस चार लांब सुळे. सुळ्यांच्या मागे थोडी जागा मोकळी असते, त्यामुळे सुळा मुळापर्यंत रुततो. बिबट्या बहुधा सावजाचा गळा धरतो तो याच सुळ्यांनी, आणि श्वास कोंडेपर्यंत सोडीत नाही. परंतु खरी नवलाची वस्तू मागे आहे. वरची एक मोठी दाढ व खालची एक मोठी दाढ कातरीच्या दोन पात्यांसारख्या एकमेकींस घासून जातात. या कातरदाढांनी तो मांसाचे तुकडे कापतो आणि न चावता गिळतो. त्यांच्या मागे वर एक नाममात्र लहानशी दाढ असते, खाली तीही नाही. दळण्याचे जाते त्याच्या तोंडात मुळी बसविलेलेच नाही! शिवाय त्याच्या जबड्याचे बिजागर असे घट्ट असते की खालचा जबडा केवळ वर-खाली होतो, गाईसारखा आडवा फिरत नाही.

"वाघ उपाशी मेला तरी गवत खात नाही" ही म्हण आपण मानी माणसास लावतो. वाघाच्या मानीपणाचा यात काही संबंध नाही. गवत दळण्याचे साधन त्याच्याजवळ नाही आणि ते पचविणारे पोटही नाही. मांजर क्वचित गवताची पात गिळते, पण त्यावर तिचे पोट भरत नाही. पाला का खात नाही, या प्रश्नाचे उत्तर मुलीस या ठिकाणी मिळाले. त्याबरोबरच दुसरीही एक गोष्ट तिच्या ध्यानी आली, ती अशी की, बिबट्या शेळी मारतो तो दुष्टपणाने नव्हे. ज्याच्या तोंडात कातर आहे व जाते नाही, त्यास दुसरा मार्गच नसतो.

कोल्ह्याची गोष्ट वेगळी. कोल्हा, लांडगा व कुत्रा या तिघांचेही दात ४२. त्यांच्या जबड्यात बिबट्यासारख्या कातरदाढा तर आहेतच, पण त्यांच्या मागे वर दोन व खाली दोन अशा प्रत्येक बाजूस चपट्या दाढाही आहेत. म्हणजे एकाच घरात कातर आणि लहानसे जाते! "कोल्हा काकडीला राजी" असे आपल्या पूर्वजांनी म्हटले ते मळ्यात पाहूनच. त्याचे कारण या मागच्या दाढांत आहे. कोल्हा उंदीर खातो, खेकडे खातो, मेलेली जनावरे खातो आणि काकडी, बोरे, ऊसही खातो. कुत्रा भाकरीवर जगतो तोही याच दाढांच्या बळावर. याप्रमाणे दोन म्हणी व दोन जबडे शेजारी ठेवले की मुलास धडा जन्मभर विसरत नाही.

येथे शेतकऱ्याच्या हिताचा मुद्दा येतो. टोकदार दात दिसला की जनावर वैरी, अशी आपल्याकडे समजूत आहे. पण शेतात सर्वांत अधिक नासधूस करणाऱ्याच्या तोंडात सुळा असतच नाही. उंदराचे व घुशीचे दात अवघे १६. त्यांपैकी पुढचे चार पटाशीसारखे असून ते जन्मभर वाढत राहतात. या दातांच्या पुढच्या बाजूसच कठीण थर असतो, मागची बाजू मऊ असल्यामुळे आधी झिजते, आणि दात आपोआप धारेवर येतो. भाताची लोंबी, बांधाची माती, कणगीची फळी हे सारे त्या चार दातांचे भक्ष्य आहे. त्यांच्यावर पहारा करणारे कोण? ४० दातांचे मुंगूस, ३० दातांचे रानमांजर, ४२ दातांचा कोल्हा, आणि एकही दात नसलेले गव्हाणी घुबड. घुबड उंदीर सबंध गिळते व केस आणि हाडे यांची गोळी करून ओकून टाकते. अशी वाळलेली गोळी जुन्या वाड्याखाली किंवा गव्हाणीत सापडल्यास ती कडक उन्हात ठेवून, हातांस पिशवी बांधून, काडीने मुलांसमोर उकलावी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. आत उंदरांचे जबडे व त्यांचे नारिंगी दात निघतात. आपल्या भाताचे रक्षण रात्री कोण करीत होते, ते व्याख्यानावाचून समजते.

सापाच्या दातांविषयीही दोन शब्द अवश्य आहेत. साप दातांनी चावून खात नाही. त्याचे दात मागे वळलेले असतात ते भक्ष्य निसटू नये म्हणून. धामणीचे दात तेवढ्याच कामाचे; तिला विष नाही, आणि उंदीर खाण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. नाग व मण्यार यांस पुढे विषाचे आखूड दात असतात. घोणस व फुरसे यांचे विषदात लांब असून मिटलेल्या चाकूसारखे टाळूस लागून असतात व चावताना उघडतात. हे ज्ञान मुलास द्यावे, परंतु चाव्याची खूण पाहून साप विषारी की बिनविषारी हे ठरविण्याचा उद्योग कोणी करू नये. चावलेल्या माणसास चालू न देता, जखम न चिरता व न बांधता, थेट दवाखान्यात न्यावे.

दातांवरून मुलास स्वतःचे रक्षणही शिकविता येते. बिबट्याचे सुळे व अंगबळ साधारण १० ते ४० किलो वजनाच्या सावजासाठी योग्य असतात. शेळी, कुत्रा व रानातील भेकर या मापात बसतात, आणि दुर्दैवाने लहान मूलही बसते. उभा माणूस त्यास सावजासारखा दिसत नाही. वाकलेले किंवा झुडपाआड बसलेले मूल दिसू शकते. म्हणून दिवेलागणीनंतर मुलांस एकटे बाहेर सोडू नये, परसाकडे जाताना मोठ्या माणसाने दिवा घेऊन बरोबर असावे, आणि मुलांनी वाटेने गप्पा मारीत, गाणी म्हणत, जमावाने जावे. बिबट्या दिसल्यास पाठ फिरवून पळू नये, खाली बसू नये. उभे राहून, हात वर करून, हळूहळू मागे सरावे. दगड मारण्यास धावणाऱ्या गर्दीत मुलांनी कदापि मिसळू नये. भ्यालेला व कोंडलेला बिबट्याच सर्वांत अधिक धोक्याचा असतो. अशा वेळी वनखात्यास १९२६ या क्रमांकावर कळवावे.

मोठ्यांनीही आपल्याकडून चूक होऊ देऊ नये. अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले येथे शास्त्रज्ञांनी बिबट्याची विष्ठा तपासून २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, त्याच्या खाण्यात वजनाने ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा होता, आणि त्यातही एकट्या कुत्र्याचा ३९ टक्के. उकिरडा वाढला की कुत्री वाढतात, आणि कुत्री वाढली की बिबट्या येतो. वस्तीशेजारचा उकिरडा हेच त्यास दिलेले आमंत्रण होय. शेळ्यांचा गोठा वरून व बाजूंनी जाळीने बंद करणे हा बंदुकीपेक्षा स्वस्त व शहाणपणाचा उपाय आहे. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे बिबट्यास मारणे तर गुन्हा आहेच, पण त्याचा सुळा किंवा नख ताईत म्हणून मुलाच्या गळ्यात बांधणेही गुन्हा आहे. म्हणून मुलांस शिकविण्यासाठी शेळीचा जबडा व घरचे मांजर यांवरच भागवावे. कुत्र्याचे तोंड मात्र कोणत्याही मुलाने उघडून पाहू नये.

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहिण्याचे मनात आले ती सांगतो. त्याच संध्याकाळी बाळकुमच्या त्या घरी, दातांची गोष्ट रंगात आली असता, धाकटा मुलगा, वय वर्षे सात, एकाएकी गप्प झाला. आम्ही म्हणालो होतो की कुत्र्याचा सुळा बारीक असला तरी खोल जातो. थोड्या वेळाने तो आमच्या जवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, बारीक भोक असलं तरी सांगायचं असतं का?" त्याने पायजमा वर केला. पोटरीवर दोन लहान खुणा होत्या. दोन दिवसांपूर्वी गल्लीतील कुत्रीच्या पिलांस हात लावताना ती त्यास चावली होती. पिलांजवळ जाऊ नको असे बजावले असल्याने मार मिळेल, या भीतीने त्याने कोणास सांगितले नव्हते. जखम सुकत आली होती. त्याच्या आईचा चेहरा त्या क्षणी कसा झाला, ते आम्ही विसरू शकत नाही. रात्रीच त्यास रुग्णालयात नेले, लस सुरू झाली, सर्व मात्रा वेळेवर पुऱ्या केल्या, आणि आज मुलगा खुशाल आहे.

पिसाळण्याचा रोग चावणाऱ्या जनावराच्या लाळेतून जखमेत शिरतो. माणसांस होणाऱ्या या रोगाच्या शंभरांपैकी नव्व्याण्णव प्रसंगी कारण कुत्रा असतो. आणि संशयित जनावर चावलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के मुले पंधरा वर्षांखालील असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ निश्चित असतो. परंतु लक्षणांपूर्वी लस टोचली तर रोग टळतो. फ्रान्समध्ये ता. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास अशी लस प्रथम टोचविली व तो वाचला. तेव्हा त्याच्या आईस दूरच्या गावाहून पॅरिसपर्यंत प्रवास करावा लागला होता. आज या रोगावरील लस आपल्याकडे सरकारी रुग्णालयांत मिळते. उणीव असते ती एवढीच की मुलाने वेळेवर सांगितले पाहिजे.

म्हणून कुत्रा, मांजर, कोल्हा, माकड यांपैकी कोणीही चावल्यास किंवा ओरखडल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद, तंबाखू यांपैकी काहीही भरू नये. मंत्र-तंत्रात वेळ दवडू नये. आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन डॉक्टर सांगतील त्या सर्व मात्रा पुऱ्या कराव्यात. दिवस गेले असले तरी "आता काय उपयोग" म्हणून घरी बसू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, दात लागल्याचे सांगणाऱ्या मुलास मार देऊ नये. ज्या घरात खरे सांगितल्याबद्दल मार बसतो, त्या घरातील मूल पुढच्या वेळी जखम झाकते.

दिवाळीच्या तोंडाशी वसुबारसेस आपण गाईवासरांची पूजा करतो, आणि डोंगराकडच्या गावांत त्याच दिवशी वाघबारस पाळून वाघदेवासही नैवेद्य दाखवितात. गाय व वाघ या दोघांची आठवण एकाच दिवशी ठेवणाऱ्या आपल्या पूर्वजांस या दोघांचे शेजारपण चांगले माहीत होते. आमची वाचकांस विनंती एवढीच की, येत्या बारसेस पूजा आटोपल्यावर मुलांस गोठ्यात बोलवावे, एखाद्या गरीब गाईचे तोंड उघडून वरची हिरडी दाखवावी, शेजारी झोपलेल्या मांजराच्या जांभईची वाट पाहावी, आणि या लेखातील दोन म्हणींचा अर्थ सांगावा. गावच्या शिक्षकांनी हाच पाठ शाळेत घेतला तर उत्तमच. अर्ध्या तासाचे हे काम आहे. बैलाचे दात ओळखणारा शेतकरी बाजारात फसत नाही. शिकारी प्राण्यांचे दात ओळखणारे त्याचे मूल विनाकारण भिणार नाही, विनाकारण मारणार नाही, आणि दात लागला तर घरी येऊन आधी सांगेल.